वाचकांचे प्रश्न : धूर दिसत नाही, मग हवा का खराब?

प्रश्न : माझी बीएस-६ (भारत स्टेज-६ या प्रदूषण नियमांची) डिझेल गाडी रोज कोपरखैरणे ते वाशी एवढीच फिरते. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) पिवळा दिवा सारखा लागतो. गॅरेजवाला म्हणतो, फिल्टर काढून सरळ पाइप टाकू, अ‍ॅव्हरेजही वाढेल. काढावा का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : काढू नका. बहुधा फिल्टर बिघडलेला नाही, त्याला तापायला वेळच मिळत नाही. साठलेली काजळी जळायला साधारण ६०० अंश सेल्सियस लागतात, आणि चार-पाच किलोमीटरच्या सिग्नल-सिग्नलला थांबणाऱ्या फेरीत ते कधीच गाठले जात नाहीत.

दिवा स्थिर असेल तर निदान पाव टाकी डिझेल ठेवून, वर्दळ कमी असताना गाडी सायन-पनवेल महामार्गावर न्या. इंजिन गरम झालं की एक गिअर खाली ठेवून २,००० आरपीएमच्या आसपास, ६०च्या वेगाने सलग २० मिनिटं चालवा. आयडलिंग वाढलं, पंखा जोरात फिरू लागला, गरम वास आला, तर काम सुरू आहे. त्या वेळी इंजिन बंद करू नका. दिवा लुकलुकत असेल किंवा सोबत इंजिनचा दिवा लागला असेल तर मात्र हा प्रयोग नको. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून रीजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, करून घ्या.

डिपस्टिकही बघा. रीजनरेशन वारंवार अर्धवट राहिलं की काजळी जाळायला सोडलेलं जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर किलोमीटर बाकी असले तरी ऑइल बदला. नवं ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं, लो-अ‍ॅशच हवं. काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही; ती फिल्टरमध्ये कायमची बसते. एवढं करूनही दिवा परत परत लागला तर ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), गळका इंजेक्टर आणि प्रेशर सेन्सरची नळी तपासायला सांगा.

बीएस-४ डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, बीएस-६ला ४.५ आहे. हा फरक मुख्यतः त्या फिल्टरचा. तो काढला की गाडी फक्त आरसी बुकात बीएस-६ उरते.

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या प्रत्येक ट्रककडे पीयूसी असते. मग गायमुखपाशी घसा का खवखवतो?
– एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर : कारण डिझेलची पीयूसी फक्त धुराचा दाटपणा मोजते. नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात येतच नाहीत. हे वायू श्वासनलिका सुजवतात आणि उन्हात त्यांच्यापासून ओझोन तयार होतो. बारीक कण तर थेट फुप्फुसात खोल जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला.

बीएस-४ ट्रकला या ऑक्साइडची मर्यादा ३.५ ग्रॅम प्रति किलोवॉट-तास होती, बीएस-६मध्ये ती ०.४ झाली. हे काम करतो तो वेगळ्या टाकीतून एक्झॉस्टमध्ये फवारला जाणारा ३२.५ टक्के युरियाचा द्राव. पैसे वाचवायला काही जण शेतीचा युरिया नळाच्या पाण्यात विरघळवून भरतात. त्यातल्या क्षारांनी कॅटॅलिस्ट (हे ऑक्साइड निकामी करणारा भाग) आणि फवारणीचं नोझल बंद पडतं, आणि त्याच्या खर्चात वाचवलेला पैसा कुठल्या कुठे जातो. पण नियम पाळणाऱ्या ट्रकचाही इथे इलाज चालत नाही. न्हावा शेव्याहून गुजरातकडे निघालेला ट्रक कोंडीत तासभर घरघरत उभा राहिला की एक्झॉस्ट थंड पडतो, आणि सुमारे २०० अंशांखाली युरियाची फवारणी थांबते. म्हणूनच घोडबंदरची कोंडी हा आम्हाला निव्वळ वाहतुकीचा प्रश्न वाटत नाही.

प्रश्न : कडक नियमांनी गाड्या महागल्या. आमच्यासारख्या सुट्या भागांच्या कारखान्यांचं काय?
– एक लघुउद्योजक, रबाळे

उत्तर : महागल्या, हे खरं. छोट्या गाड्यांत डिझेल परवडेना. मारुती सुझुकीने एप्रिल २०२०पासून डिझेल गाड्या बंद केल्या. फक्त डिझेल इंजिनांचे भाग बनवणाऱ्यांना त्याची झळ बसली. पण उद्योगाला जास्त मारते ती धरसोड. २०१० साली १३ शहरांत बीएस-४ आणि बाकी देशात बीएस-३ आला. कंपन्यांना दोन-दोन मॉडेलं काढावी लागली, आणि बाहेरगावी ३५० पीपीएम (दहा लाख भागांत ३५० भाग) गंधकाचं डिझेल भरलेले ट्रक मुंबईत येतच राहिले. मग २०१७ साली २९ मार्चला सुप्रीम कोर्टाने १ एप्रिलपासून बीएस-३ची विक्री बंद केली, तेव्हा आठ लाखांवर गाड्या पडून होत्या. दोन दिवस शोरूममध्ये सवलतींची झुंबड उडाली. बीएस-६ची घोषणा मात्र जानेवारी २०१६ची आणि अंमल १ एप्रिल २०२०चा. इंधनातलं गंधकही ५०वरून १० पीपीएमवर आलं. हे नियम युरो-६च्या जवळचे असल्याने तोच भाग निर्यातीलाही चालतो. एप्रिल २०२३पासून गाडी प्रत्यक्ष रस्त्यावरही तपासली जाते. सेन्सरच्या वायरिंगला आणि उष्णता सोसणाऱ्या पत्र्याच्या कामाला वाव आहे, तिकडे पाहा.

प्रश्न : बीएस-३ स्कूटरला नवं पेट्रोल चालतं का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : गंधक कमी झाल्याने काही बिघडत नाही. त्यात मिसळलेल्या इथेनॉलमुळे मात्र जुन्या रबरी नळ्या आणि सील कडक किंवा ढिले होऊ शकतात. दर सर्व्हिसिंगला त्या तपासून घ्या, आणि स्कूटर महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.