आजीच्या माळेतलं बटण

पत्र थोडक्यात असं: सोलापूरच्या एका वाचक मुलीची आजी ९४व्या वर्षी गेली. महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, आजीबद्दल चार शब्द बोलायचं काम तिच्यावर आलंय. ती स्वतः कॉलेजपासून चर्चला जात नाही. आत्या म्हणते, फक्त भक्तीबद्दल बोल, भांडणं काढू नकोस. ‘माझ्या तोंडी हे ढोंग वाटेल. शिवाय तिची रोझरी, म्हणजे जपमाळ, माझ्याकडे आहे, ती ठेवू का?’

अगं, आधी आत्याचं बघू. तिची आई जाऊन महिना होतोय. आत्ता तिला आई संतच वाटणार. वाद घालू नकोस. पण भांडणं मात्र गाळू नकोस.

तुझ्या पत्रातली एक जागा मी तीनदा वाचली. पाणी यायच्या दिवशी आजी शेजारणीशी हंड्यांवरून कडाकडा भांडायची आणि रात्री त्याच बाईचं नाव रोझरीत घ्यायची, तेही दातओठ खात. सोलापुरात काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावरून जो भांडला नाही, तो एकतर संत, नाहीतर त्याच्या दारात बोअर. हे तू सांगितलंस की समोरच्या बाकांवरच्या बायका हसतील आणि लगेच डोळे पुसतील. माझ्या आजोबांच्या दहाव्याला एक गृहस्थ त्यांच्या सद्गुणांवर वीस मिनिटं बोलले होते. त्यात आजोबा कुठेच नव्हते.

तुझी श्रद्धा आहे का, असं तुला कुणी विचारलेलंच नाही. तुझ्या डोळ्यांना दिसलं तेवढं सांगायचं, त्यात ढोंग कसलं?

आणि दिसलंय तुला बरंच. जरा हिशोब कर. १९६२ ते १९६५च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधी, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेआधी, मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. म्हणजे मिस्सा मराठीत ऐकायला मिळाली तेव्हा तुझी आजी पस्तिशीला आली होती. वीज कडाडली की तिच्या तोंडून शेवटपर्यंत लॅटिनमधलं ‘ओरा प्रो नोबिस’ (आमच्यासाठी प्रार्थना कर) निघायचं, ते त्यामुळे. पुढे २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोझरीत प्रकाशाची पाच रहस्यं, म्हणजे जपताना मनात आणायचे येशूच्या आयुष्यातले पाच प्रसंग, घातली, गुरुवारसाठी. सत्तरी ओलांडलेली ही बाई ती नव्याने पाठ करत होती, पिठाच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवून. भाकरी थापता थापता! हे सांगितल्यावर ‘माझी आजी फार भाविक होती’ हे वाक्य तुला लागणारच नाही.

मिस्सेतलं प्रवचन गेलेल्या माणसाच्या स्तुतीसाठी नसतं. घरच्यांना बोलायचं असेल तर बहुधा कम्युनियननंतर (पवित्र भाकर वाटून झाल्यावर), शेवटच्या आशीर्वादाआधी वेळ देतात. तेव्हा फादरना आधीच विचारून ठेव. तीन-चार मिनिटं पुरेत. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ने, ऐनवेळी डोळ्यांपुढची अक्षरं पुसट होतात.

आता माळेचं. आशीर्वाद दिलेली रोझरी टाकून देत नाहीत. तुटून निकामी झाली तर पुरतात किंवा जाळतात, नाहीतर घरातच पुढे जाते. चर्चला न जाणाऱ्या नातीने ती ठेवू नये, असं काही नाही. फक्त आत्याला एकदा विचार. ती रोज रोझरी म्हणत असेल तर तिचा हक्क आधी.

विचारायला जाशील तेव्हा माळ सोबत ने. एक मोठा मणी हरवलाय आणि तिथे शर्टाचं बटण ओवलंय, आजोबांच्या मिलमधल्या शर्टाचं असावं, असं तू लिहितेस. ‘असावं’ कशाला? आत्याला माहीत असेल. चहा ठेव आणि विचार तिला, बटण कुणाचं ते.