जिंकले त्यावर कर, हरले त्याला वजावट नाही

आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) पत्ते आणि गोव्याची सहल, दोन्हींचा हिशेब रिटर्न भरायच्या दिवसांत डोकं वर काढतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच त्याच विषयावरची आहेत. उत्तरं २०२५-२६ या आर्थिक वर्षात जिंकलेल्या पैशांबद्दल आहेत, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याप्रमाणे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, ३० टक्क्यांचा दर मात्र बदललेला नाही.

प्रश्न (चाळीसगाव): ऑगस्टमध्ये आम्ही मित्र गोव्याला गेलो होतो. मांडवीवरच्या कॅसिनोत पहिल्या रात्री २०,००० चे चिप्स (खेळायची टोकनं) घेतले आणि ९५,००० चे करून उठलो. त्यांनी कर कापून पैसे दिले. दुसऱ्या रात्री ६०,००० घालवले. एकूण हाती राहिले १५,००० सुद्धा नाहीत. मी नोकरदार आहे, पगार नऊ लाखांच्या आत, त्यावर कर शून्य. मला अजून काही भरायचं आहे का?

उत्तर: हो, ९०० रुपये. आणि नेहमीचा फॉर्म या वर्षी चालणार नाही.

आधी आकडे. २०,००० हे तुमचेच पैसे परत आले, ते जिंकणं नाही. जिंकलेली रक्कम ७५,०००. कलम ११५बीबीप्रमाणे त्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्या करावर ४ टक्के सेस (उपकर), म्हणजे २३,४००. कॅसिनोने कलम १९४बीखाली ३० टक्के, म्हणजे २२,५०० कापले असतील. टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापताना सेस धरत नाहीत, म्हणून लाखामागे १,२०० रुपये प्रत्येकाकडे राहतातच. ‘कर कापला, विषय संपला’ असं समजणाऱ्यांना नोटीस येते ती बहुधा या फरकासाठी, नाहीतर रक्कम रिटर्नमध्ये दाखवलीच नाही म्हणून.

दुसऱ्या रात्रीचे ६०,००० विसरा. कलम ५८(४) मुळे अशा उत्पन्नातून कोणताही खर्च वजा होत नाही. हरलेला डाव, गाडीभाडं, हॉटेल, कॅसिनोचं प्रवेश तिकीट, यातलं काहीच धरत नाहीत. हार पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. नियम एकतर्फी आहे हे आम्हालाही मान्य आहे, पण तो असाच आहे. चिप्स घेताना भरलेला जीएसटीसुद्धा (२२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, त्याआधी २८) आयकरातून वळता होत नाही.

पगारावरचा कर शून्य होतो तो नव्या करप्रणालीतल्या कलम ८७एच्या ६०,००० पर्यंतच्या सवलतीमुळे. खास दराने कर लागणाऱ्या उत्पन्नाला ती सवलत मिळत नाही, म्हणून २३,४०० तसेच राहतात. ८०सीसारख्या वजावटीही या रकमेतून घेता येत नाहीत.

आता फॉर्म. आयटीआर-१ म्हणजे ‘सहज’ अशा उत्पन्नाला चालत नाही, आयटीआर-२ घ्या. दुकान किंवा धंदा असेल आणि एरवी आयटीआर-४ भरत असाल तर आयटीआर-३. रक्कम ‘शेड्यूल ओएस’मध्ये (इतर उत्पन्नाचा तक्ता) ११५बीबीच्या ओळीत घाला. त्याच शेड्यूलच्या शेवटी ती कोणत्या तिमाहीत मिळाली ते विचारतात. तिथे १६ जून ते १५ सप्टेंबरचा रकाना भरा. लोक तो रिकामा सोडतात आणि मग कलम २३४सीचं (आगाऊ कराचा हप्ता चुकल्याचं) व्याज उगाच लागतं. कर ‘शेड्यूल एसआय’मध्ये (खास दराच्या उत्पन्नाचा तक्ता) दिसतो की नाही ते पाहा. तिथे शून्य असेल तर रक्कम चुकीच्या ओळीत गेली आहे.

भरण्याआधी २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) उघडून २२,५०० तुमच्या पॅनवर जमा आहेत का तपासा. काउंटरवर घाईत पॅनचं एक अक्षर चुकलं की कर कापला जातो, पण जमा दुसऱ्याच्या नावावर होतो. तसं असेल तर कॅसिनोकडून टीडीएसचं दुरुस्ती विवरण भरून घ्यावं लागतं, तुम्हाला स्वतः ते बदलता येत नाही. तुमच्या तिमाहीचा फॉर्म १६ए (टीडीएसचा दाखला) नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मिळायला हवा होता. मार्चमध्ये जिंकलेल्यांनी तो १५ जूनपर्यंत येईल हे धरून चालावं आणि एप्रिल-मे मध्ये रिटर्नची घाई करू नये.

प्रश्न (पाचोरा): दर वेळी ९-१० हजारांच्या आत चिप्स बदलून घेतले तर टीडीएस लागत नाही म्हणे. मग ते दाखवायचं कशाला?

उत्तर: १ एप्रिल २०२५ पासून १०,००० ची मर्यादा प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र आहे, वर्षाच्या बेरजेला नाही. त्यामुळे टीडीएस कापला जाणार नाही हे खरं. पण ती मर्यादा पैसे देणाऱ्यासाठी आहे. जिंकणाऱ्याला एका रुपयाचीही सूट नाही.

प्रश्न (रावेर): माझी केळीची शेती आहे, दुसरं उत्पन्न नाही, रिटर्न कधी भरलं नाही. वय ४६. कॅसिनोत एक लाख जिंकलो, ३०,००० कापले. ते परत मिळतील का?

उत्तर: सगळे नाहीत, पण काही मिळतील, आणि इथेच बहुतेक शेतकरी नुकसान करून घेतात.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण जिंकलेल्या रकमेला मूळ करमुक्त मर्यादा लागू होत नाही. उत्पन्न एवढंच असलं तरी ३० टक्के लागतातच. नव्या करप्रणालीत रिटर्न भरलंत तर ३१,२०० कर, ३०,००० जमा, वर १,२०० भरायचे. जुनी करप्रणाली निवडलीत तर पाच लाखांच्या आतल्या उत्पन्नाला मिळणारी १२,५०० ची सवलत या कराला चालते. ३०,००० वजा १२,५०० म्हणजे १७,५००, सेससह १८,२००. परतावा ११,८००.

अट एकच, पण कडक. जुनी प्रणाली मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्येच निवडता येते. मुदत टळली की आपोआप नवी लागते आणि ते ११,८०० गेले. शिवाय तुमच्याकडून वर्षात २५,००० किंवा जास्त टीडीएस कापला गेला असल्यामुळे (साठीच्या पुढच्यांना ५०,०००) रिटर्न भरणं तुम्हाला सक्तीचंच आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त उत्पन्नाच्या शेड्यूलमध्ये दाखवा, ते लपवण्यासारखं काही नाही. बँक खातं पोर्टलवर आधी पडताळून घ्या, नाहीतर परतावा अडकतो.

प्रश्न (अमळनेर): गेल्या आखाजीला गावात पत्ते बसले होते, त्यात मालकांनी ४०,००० जिंकले. कुणी पावती देत नाही, टीडीएस नाही. हेही दाखवायचं का? दाखवलं तर पोलीस येतील का?

उत्तर: ताई, आखाजीला लेकीबाळी झोक्यावर आणि पुरुषमंडळी पत्त्यांवर, हे खान्देशात नवं नाही. पण प्रथेला कायद्यात सूट नाही. महाराष्ट्र (पूर्वीचा मुंबई) जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा, आणि अड्ड्यावर पैसे लावून खेळणं त्याखाली गुन्हाच आहे. आयकर खातं मात्र उत्पन्न कायदेशीर आहे की नाही ते बघत नाही. कर दोन्हींवर लागतो, आणि रिटर्नमध्ये दाखवल्याने तो डाव कायदेशीरही होत नाही.

कर १२,४८० होतो. तो १०,००० च्या वर असल्यामुळे आगाऊ कराच्या हप्त्यांत यायला हवा होता. अचानक मिळालेल्या अशा रकमेसाठी सवलत आहे: मिळाल्यानंतरच्या उरलेल्या हप्त्यांत, किंवा हप्ता उरला नसेल तर ३१ मार्चपर्यंत भरला तर २३४सीचं व्याज लागत नाही. आता मार्च उलटला आहे, म्हणजे २३४बीखाली एप्रिलपासून दरमहा एक टक्का व्याज चालू आहे. रिटर्नच्या मुदतीची वाट न पाहता स्वनिर्धारण कर (रिटर्नआधी स्वतः भरायचा उरलेला कर) आजच भरून टाका.

प्रश्न (जळगाव): कॅसिनोतून तीन लाख रोख घेऊन घरी आणले तर काही अडचण?

उत्तर: घरी आणण्याआधीच अडचण आहे. कलम २६९एसटीप्रमाणे एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच प्रसंगात, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. दंड घेणाऱ्याला, आणि तो घेतलेल्या रकमेइतका. पैसे खात्यावर मागा. रोख घेतलीत तर चिप्स खरेदीची आणि बदलून घेतल्याची, दोन्ही पावत्या जपा. बँकेत भरताना स्रोत सांगता आला नाही तर ती रक्कम ‘अस्पष्ट’ ठरू शकते. १९६१ च्या कायद्यात तिला ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार आणि सेस, मिळून ७८ टक्के. त्यापुढे ३१.२ परवडले.

प्रश्न (भुसावळ): २०२३-२४ मध्ये मोबाइलवर रमी खेळत होतो. आता एआयएसमध्ये (आयकर पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण) ५०,००० दिसतात. तेव्हा रिटर्न आयटीआर-१ मध्ये भरलं, हे टाकलं नव्हतं. कंपनी तर आता बंद झाली.

उत्तर: ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा मंजूर झाला आणि मोठ्या कंपन्यांनी खेळ थांबवले. जुन्या वर्षांचा कर त्यामुळे माफ होत नाही.

ऑनलाइन खेळांना वेगळं कलम आहे, ११५बीबीजे. दर तोच, पण मोजणी कॅसिनोपेक्षा जरा उदार: वर्षभरात काढलेले पैसे अधिक वर्षअखेरची शिल्लक, त्यातून भरलेले पैसे आणि सुरुवातीची शिल्लक वजा. म्हणजे एकाच कंपनीतली त्या वर्षाची हार आपोआप वळती होते. एका कंपनीतली हार दुसरीच्या नफ्यातून मात्र वजा होत नाही.

सुधारित विवरणपत्राची मुदत गेली आहे, अद्ययावत विवरणपत्र म्हणजे आयटीआर-यू उरतं. त्यात आयटीआर-२ निवडा. निव्वळ ५०,००० वर १५,००० टीडीएस जमा असेल तर ६०० कर बाकी, त्यावर व्याज, आणि दोन्हींच्या बेरजेवर ५० टक्के जादा कर. ३१ मार्च २०२७ नंतर हा जादा कर ६० टक्के होतो. रक्कम किरकोळ आहे, नोटीस यायची वाट बघू नका.

प्रश्न (शिरपूर): मुलीकडे अमेरिकेला गेलो असताना लास वेगासला स्लॉट मशीनवर ३,००० डॉलर लागले. ९०० कापून घेतले. भारतात पुन्हा कर?

उत्तर: तुम्ही भारतात रहिवासी असाल तर जगभरचं उत्पन्न इथे दाखवायचं. पण कर दोनदा भरायचा नाही. पाहुण्या परदेशी माणसाकडून अमेरिका स्लॉटवर ३० टक्के कापते (रूलेट, ब्लॅकजॅकवर नाही) आणि फॉर्म १०४२-एस (तिथे कर कापल्याचा दाखला) देते. तो कागद मागून घ्या. आयटीआर-२ मध्ये ‘एफएसआय’ (परदेशी उत्पन्न) आणि ‘टीआर’ (तिथल्या कराची सवलत) ही शेड्यूल्स भरा, त्याआधी पोर्टलवर फॉर्म ६७ (परदेशी कराचा तपशील) भरा. इथला कर ३१.२ टक्के, तिथले ३० वळते, उरतो साधारण सेसपुरता. परदेशी कराचे रुपये करताना तो ज्या महिन्यात कापला त्याच्या आधीच्या महिन्याच्या अखेरचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर (बँक परकीय चलन विकत घेते तो दर) घ्या.

मुलगी तिथली करदाती असेल तर तिचे नियम वेगळे. २०२६ पासून तिथे स्लॉटच्या २,००० डॉलरच्या बक्षिसापासून डब्ल्यू-२जी (जिंकलेल्या रकमेचा) फॉर्म निघतो, आधी ही मर्यादा १,२०० होती. हार वजा करता येते, पण याच वर्षापासून ९० टक्केच, तीही प्रमाणित वजावट सोडून खर्च एकेक दाखवले तर. दहा हजार जिंकून दहा हजार हरली तरी एक हजारावर कर.

प्रश्न (नंदुरबार): सोडतीत मोटारसायकल लागली. दुकानदार म्हणतो, आधी २७,००० भरा.

उत्तर: किंमत ९०,००० असेल तर त्याचं बरोबर आहे. वस्तूतून टीडीएस कापता येत नाही, म्हणून कर भरल्याची खात्री करूनच ती ताब्यात द्यायची, असं कलम १९४बी सांगतं. मात्र २७,००० दुकानदाराच्या हातात रोख देऊ नका. तुमच्या पॅनवर आगाऊ कराचं चलन स्वतः ऑनलाइन भरा आणि त्याची प्रत त्याला द्या.