जेवायलाच जायचंय, मग जेवणासकट पॅकेज कशाला?

एका वाचक ताईंनी लांबलचक पत्र पाठवलंय. त्यातला मुद्दा असा: "आम्ही दोघं नोकरी करतो. लग्नाला दहा वर्षं होताहेत म्हणून समुद्रकाठच्या एका शहरात तीन रात्री राहायचं ठरवतोय. शहर बघायचं आणि मुख्य म्हणजे मनसोक्त खायचं. एका प्रवास कंपनीचं पॅकेज मिळतंय. त्यात प्रवास, समुद्र दिसणारी खोली, स्थळदर्शन, तिन्ही वेळचं जेवण, सगळं आलं. सगळी रक्कम एकदम भरली तर 5 टक्के सूट, नाहीतर निम्मे आता आणि निम्मे 6 बिनव्याजी हप्त्यांत. रद्द केलं तर परतावा नाही. स्वतः ठरवलं तर खर्च 12 टक्के जास्त होतो. हातात निम्मे पैसे आहेत आणि महिन्याला एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्याएवढे वाचतात. हप्ते घ्यावेत की अडीअडचणीसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडावी? मिस्टर म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. सासूबाईंचं डोळ्यांचं ऑपरेशनही येत्या दोन महिन्यांत कधीतरी आहे."

ताई, जा. जरूर जा. पण हे पॅकेज घेऊन नको आणि हप्त्यांवर तर नकोच.

हिशेब सोपा जावा म्हणून पॅकेजची किंमत 100 धरू. तुमच्या आकड्यांवरून स्वतः ठरवलेल्या सहलीची फोड अशी निघते: जाणं-येणं 40, खोली 36, खाणं 24, फिरणं 12. एकूण 112. वरवर पाहता पॅकेजमध्ये 12 वाचतात. पण तुम्हीच लिहिलंय की मुख्य म्हणजे खायचं. मग दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाला असताना जेवणासाठी हॉटेलवर परत येणार आहात का? नाही येणार. निम्मी जेवणं जरी बाहेर झाली, तरी त्यांचे 12 वेगळे मोजावे लागतील आणि पॅकेजही 112 वर जाईल. वर हॉटेलात पैसे भरून ठेवलेलं जेवण न जेवल्याची चुटपुट. बहुतेकांना ती सोसत नाही. मग ते फुकट जाऊ नये म्हणून रोज रात्री त्याच टेबलावर येऊन बसतात. पॅकेज वाईट आहे असं मी म्हणत नाही. दिवसभर पाण्यात डुंबून हॉटेलातच पडून राहणाऱ्याला ते छान परवडेल. तुमची सहल ती नव्हे.

आता खोली. समुद्राकडे तोंड असलेली खोली आणि त्याच हॉटेलची मागची खोली यांच्या दरात बरंच अंतर असतं. तुम्ही विचारलेल्या दरांत ते एक तृतीयांश आहे, म्हणजे 36 च्या जागी 24. हा मोह मीही एकदा केला होता. सकाळी आठला बाहेर पडायचो, रात्री दहाला परत. खिडकीत उभं राहिलं की समोर काळोख. समुद्र आहे हे नुसत्या गाजेवरून कळायचं, आणि ती गाज मागच्या खोलीतही ऐकू आली असती. तुम्ही मागची खोली घेतलीत, तर स्वतः ठरवलेली सहल बरोबर 100 मध्ये बसते आणि जेवायचं कुठे ते तुमच्या हातात राहतं.

ऑपरेशनचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय, पण मला तो पत्रातला सर्वांत महागडा मुद्दा वाटतो. तारीख नेमकी सहलीच्या दिवसांत आली तर पॅकेजचे सगळे 100 बुडतील. स्वतः ठरवलंत आणि रद्द करता येणारी खोली घेतलीत, तर जास्तीत जास्त प्रवासाचे 40 जातील. खाण्याचे पैसे तिथे गेल्यावरच द्यायचे असतात, बहुतेक फिरण्याचेही. समुद्र दिसणाऱ्या खोलीचा 112 चा बेत धरला, तरी सहल रद्द होण्याची शक्यता सहात एकाहून जास्त असेल तर सरासरीनं तोच स्वस्त पडतो. दोन महिन्यांत कधीतरी होणारं ऑपरेशन आणि त्यानंतरची शुश्रूषा लक्षात घेता शक्यता सहात एकाहून कमी आहे असं तुम्ही म्हणाल? मी नाही म्हणणार.

बिनव्याजी हप्ता या शब्दावर माझा कायमचा राग आहे. तुम्हाला मिळालेला प्रस्तावच बघा. रोख भरणाऱ्याला किंमत 95. तुम्ही आज 50 देणार, म्हणजे खरं कर्ज 45 चं. त्यापोटी सहा महिन्यांत फेडणार 50. वरचे 5 दिसायला किरकोळ, पण 45 ची रक्कमही दर महिन्याला घटत जाते. तेव्हा हा दर महिन्याला तीन टक्क्यांच्या वर, वर्षाला सुमारे 37 टक्के पडतो. व्याज आहेच, फक्त ते न मिळालेल्या सवलतीत दडवलंय.

या दोहोंत मुदत ठेव मोडणं स्वस्त, हे मान्य करायलाच हवं. मुदतीआधी मोडल्यावर व्याजाचा थोडा भाग जाईल, पण तो 37 टक्क्यांच्या जवळपासही जाणार नाही. तरीही मोडू नका. घरात ऑपरेशन आहे आणि दुसरी गंगाजळी तुम्ही पत्रात कुठे दाखवलेली नाही. ती ठेव अशाच वेळेसाठी ठेवली होती ना?

तर मग कधी जायचं? सहा महिन्यांनी. महिन्याला 10 टाकलेत की आजचे 50 धरून 110 होतात. सहलीला 100 आणि हात थोडा सैल सोडायला 10. ड्रेझन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना नेमकं हेच विचारलं होतं: 1,200 डॉलरच्या सहलीचे सहा मासिक हप्ते जाण्याआधी द्याल की आल्यावर? बहुतेकांनी आधी असं सांगितलं. कपडे धुण्याच्या यंत्राबद्दल मात्र उलट, हप्ते नंतर चालतील. कारण उघड आहे. यंत्र हप्ते भरताना रोज कामाला येतं, सहल मात्र संपलेली असते. शिवाय वाट बघणंही फुकट जात नाही. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या 1,530 प्रौढांच्या पाहणीत, सुट्टीला जाणारे लोक जाण्याआधी इतरांपेक्षा जास्त आनंदी आढळले. परत आल्यावर मात्र फारसा फरक उरला नव्हता. मिस्टरांचं "पुढच्या वर्षी" मला मान्य नाही, कारण त्यात तारीख नाही आणि बाजूला टाकायची रक्कमही नाही. वेगळं खातं उघडा आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी 10 तिकडे वळवा. लग्नाचा वाढदिवस त्या तारखेला घरीच साजरा करा.

तारखा ठरवताना एक सावधगिरी. समुद्रकाठी दर सर्वांत खाली असतात ते बहुधा समुद्र खवळलेला असतो म्हणून. बोटी बंद, निम्मी दुकानं बंद. तुम्हाला हवेत ते गर्दीच्या हंगामाच्या अलीकडचे किंवा पलीकडचे दोन-तीन आठवडे. ओहोटीच्या वेळीच चालत जाता येईल असं एखादं ठिकाण यादीत असेल, तर तिकीट काढण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचं अंतर असतं, म्हणून वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. आज सकाळी नऊला मोकळी असलेली वाट तीन दिवसांनी त्याच वेळी पाण्याखाली असू शकते.

खाण्यावर कात्री लावू नका, फक्त वेळ बदला. ज्या नावाजलेल्या ठिकाणी रात्रीचं जेवण आवाक्याबाहेर वाटतं, तिथलं स्वयंपाकघर दुपारी बऱ्याचदा बऱ्याच कमी दरात जेवू घालतं. मेन्यूवर मासळीपुढे आकड्याऐवजी "आजचा भाव" असं असेल, तर वजन किती, दर काय आणि वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, हे मागवण्याआधीच विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही. विचारणाऱ्यांची वेटरलाही सवय असते.

आणि हॉटेलात पोचल्यावर अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. खोली सोडल्यावर ती मोकळी व्हायला कधीकधी काही दिवस लागतात. डेबिट कार्ड दिलंत तर तेवढे दिवस तुमचेच पैसे खात्यात दिसतील पण वापरता येणार नाहीत. हात सैल सोडायला ठेवलेले ते 10 त्याच खात्यात ठेवू नका.