अवसाद, गाळ आणि प्रसन्न पाणी

कोथरूडच्या एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आला आहे. एका व्याख्यानाचा विषय होता 'अवसाद व जीवाश्म यांच्या आधारे पुरापर्यावरणाची पुनर्रचना'. ताई विचारतात, अवसाद म्हणजे नैराश्य ना? मग ते खडकांत कुठून आलं? आणि 'पुरापर्यावरण' हा शब्द बरोबर आहे का?

पहिलं उत्तर एका शब्दाचं: गाळ. वक्त्यांना गाळ म्हणायचं होतं, आणि समोर मराठी माणसं बसली होती तर त्यांनी गाळच म्हणायला हवं होतं. मराठी विश्वकोश 'गाळाचे खडक' म्हणतो. असं असताना हिंदी पुस्तकांतले 'अवसादी शैल' उचलून आणण्याची गरज कुणाला पडली? त्याहून जास्त राग मला दुसऱ्या अवसादाचा येतो. बातम्यांमध्ये हल्ली माणसं 'अवसादात जातात', 'अवसादग्रस्त' होतात. नैराश्य, खिन्नता, उदासी, विषण्णता एवढे शब्द घरात असताना हा शेजारून मागून आणायचा कशाला? हिंदीत दोन्ही अर्थ रुळलेले आहेत, तिथे कुणी अडखळत नाही. आपल्याकडे धड एकही रुळलेला नाही, म्हणून ताईंना खडक उदास झालेले दिसले. यात त्यांची काहीच चूक नाही.

मात्र शब्द म्हणून अवसाद फार देखणा आहे, आणि त्याच्या कुळाबद्दल बोलायची संधी मी सोडणार नाही.

अव म्हणजे खाली, सद् म्हणजे बसणे. खाली बसतो तो अवसाद. लॅटिनमध्ये बसण्याला 'सेडेरे' म्हणतात. त्यावरून 'सेडिमेंटुम' आणि त्यावरून इंग्रजीतलं सेडिमेंट. हा 'सेड' आणि आपला 'सद्' सख्खी भावंडं आहेत. म्हणजे ज्यानं कुणी सेडिमेंटला अवसाद हा प्रतिशब्द दिला, त्यानं थेट एकाच मुळाला हात घातला. याच सद् चं सदन, याचंच सदस्य आणि संसद. टिळक रस्त्यावरच्या साहित्य परिषदेतली 'परिषद'सुद्धा त्याचीच: भोवताली बसलेले लोक. मन खचून बसलं की विषाद, त्यावरून विषण्ण. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाची गात्रं 'सीदन्ति', गळून खाली बसतात, तोही हाच धातू. नैराश्याचा अवसाद आणि नदीचा अवसाद वेगळे शब्द नाहीत. एकात मन तळाला जातं, दुसऱ्यात माती.

आणि आता तो शब्द, ज्यासाठी हा सगळा खटाटोप: प्रसन्न.

प्रसन्न म्हणजे मुळात आनंदी नव्हे. प्र + सद्, नीट बसलेलं, स्थिरावलेलं. ज्या पाण्यातला गाळ पूर्ण खाली बसून ते तळापर्यंत नितळ झालंय, ते प्रसन्न पाणी. रामायणाच्या सुरुवातीला वाल्मीकी तमसेच्या काठी येतात तेव्हा शिष्याला घाट दाखवून म्हणतात, हे बघ, इथे चिखल नाही, पाणी 'प्रसन्न' आहे, सज्जनाच्या मनासारखं. विशेषण आधी पाण्याचं, मग मनाचं. तिथून दहाच श्लोक पुढे क्रौंचाला बाण लागतो आणि 'मा निषाद' उमटतं. निषाद या नावाची पुराणांनी सांगितलेली कथा 'निषीद', म्हणजे 'खाली बस', या आज्ञेवर उभी आहे. पुन्हा सद्! मनुस्मृतीतही दाखला आहे. कतकाचं फळ पाणी स्वच्छ करतं हे खरं, पण त्याचं नुसतं नाव घेतल्यानं 'वारि प्रसीदति' असं होत नाही. कतक म्हणजे आपली निवळी. तिची बी भांड्याच्या आतून घासली की गढूळ पाण्यातला साका तळाला बसतो. चुन्याचीही आपण निवळीच काढतो.

प्रसन्न पाण्याचा गुण तो प्रसाद. काव्याचा प्रसादगुण म्हणजे नितळपणा, ज्यातून अर्थाचा तळ दिसतो. देवाचा प्रसाद म्हणजे निवळलेल्या चेहऱ्याची कृपा, आणि त्या कृपेची खूण म्हणून हातावर पडतो तो पेढा. प्राकृतात प्रसादाचा पसाय झाला आणि ज्ञानोबांनी मागितलं ते पसायदान! आळंदी इथून पंचवीसेक किलोमीटरवर. इंद्रायणीच्या तळाशी बसलेला गाळ आणि तिच्या काठच्या ज्ञानोबांनी मागितलेलं दान, दोन्ही शब्द एकाच धातूचे. ज्या दिवशी हे लक्षात आलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही.

आणखी एक माझं लाडकं मत. 'बातमी ऐकून तो सन्न झाला' यातल्या सन्नला शून्य-सुन्नच्या घरात बसवणारे कोशकार आहेत. मला हे मुळीच मान्य नाही. मराठीत सुन्न आहे आणि सन्नही आहे. बधिर होतो तो सुन्न. सन्न झालेला माणूस मटकन खाली बसतो. संस्कृतात 'सन्न' हे सद् चं सरळ रूप तयार आहे, अर्थही खचलेला, खाली गेलेला असाच. जे जसंच्या तसं हाताशी आहे ते टाकून शून्यातून उकार गाळत सन्नपर्यंत यायचं, ही ओढाताण कशासाठी? ध्वनिबदलाचे नियम मलाही पाठ आहेत, पण नियम लावायच्या आधी अर्थाकडे बघावं.

गाळ हा शब्द मात्र वेगळ्या वाटेनं आला. पडणे–पाडणे, तसं गळणे–गाळणे. फडक्यातून गाळल्यावर जे मागे उरतं ते गाळ. नदी काही फडक्यानं गाळत नाही, म्हणून अवसादवाले म्हणतात की आमचा शब्द शास्त्रशुद्ध. त्यांचा दुसरा मुद्दा असा की अवसादन, अवसादी अशी रूपं सहज होतात, गाळाची होत नाहीत. यातलं एवढं खरं की 'गाळीव' आधीच दुसऱ्या अर्थानं अडकलेला आहे. पण गाळखडक, गाळथर यांना काय धाड भरली आहे? शिवाय मराठी माणूस 'गाळ बसतो' म्हणतो. तो 'बसतो' तिथे सद् चंच काम करतो. शास्त्र क्रियापदात आलं की, नामात वेगळं कोंबायची गरज नाही.

आणि सगळं शास्त्र त्या बसण्यातच आहे. बरणीत मुठेकाठची मूठभर माती आणि पाणी घालून हलवा. वाळू काही सेकंदांत तळाला जाते, पोयट्याला त्याहून बराच वेळ लागतो, चिकणमाती दिवसदिवस तरंगते. म्हणून थरात जाड गोटे दिसले तर तिथे एके काळी पाणी जोरात होतं, आणि बारीक चिकणमाती दिसली तर पाणी संथ होतं, असं म्हणता येतं. थरात चुन्याचे खडे, कंकर, सापडले तर हवा कोरडी असणार, कारण चुना धुवून न्यायला पुरेसा पाऊस नव्हता. असे कंकर आपल्या नद्यांच्या जुन्या गाळातही आहेत. कुकडीकाठच्या बोरीला तर गाळात ज्वालामुखीची राख बसलेली आहे, थेट सुमात्रातल्या टोबाची. कुणी ती सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची मानतं, कुणी त्याहून कितीतरी जुनी.

१२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं ते पुण्यातल्या लोकांनी भिंतींवर खुणा करून ठेवलं. पुणे विद्यापीठातले भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे यांनी नर्मदा-तापीच्या खोऱ्यांत गाळाच्याच खुणा वाचल्या. महापुराचं पाणी आडोशाला, उपनद्यांच्या तोंडाशी थबकतं आणि तिथे बारीक गाळ टाकून जातं. तो गाळ ज्या उंचीवर बसला, निदान तेवढं तरी पाणी चढलं होतं. थबकणं, बसणं, निवळणं हे तीन शब्द कळले की शास्त्राचा निम्मा पाठ झाला.

जीवाश्मांवर मी थोडक्यातच बोलतो. शब्द चांगला आहे, पण त्यातल्या 'अश्म'मुळे लोकांना वाटतं की दगड झालेलाच जीव. गाळातले परागकण दगड झालेले नसतात, त्यांचं चिवट कवच तसंच टिकतं, आणि त्यावरून तेव्हा झाडी होती की गवत हे ठरतं. जळगाव जिल्ह्यात पाटणे इथे शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडली, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. शहामृग दाट जंगलात राहत नाही, तेव्हा तिथला मुलूख उघडा आणि कोरडा असणार. ओमानच्या किनाऱ्यालगत समुद्रतळाच्या चिखलात ग्लोबिजेरिना बुलॉइड्स या सूक्ष्मजीवाची चुन्याची कवचं असतात. नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात वाहिले की खालचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि हा जीव फोफावतो. कवचं जास्त बसली तो काळ जोरदार मोसमी वाऱ्यांचा. फॉसिल या लॅटिन मुळाच्या शब्दाचा अर्थ नुसता 'खणून काढलेलं' असा आहे, दगडाची अट त्यात नाही. अश्म आणि फारसी आस्मान यांचं नातं मात्र इथे उघडत नाही, नाहीतर लिहिणं आवरणार नाही.

'पुरापर्यावरण' राहिलंच. पुरा म्हणजे पूर्वी. व्याकरणात चूक नाही. पण मुठेकाठी राहणाऱ्या माणसाच्या कानाला त्यात आधी पूर ऐकू येतो, म्हणून मी 'प्राचीन पर्यावरण' म्हणेन. 'पुनर्रचना' तर अजिबात नको. मराठीत पुनर्रचना राज्यांची होते, प्रभागांची होते, जे आहे ते मोडून नव्यानं मांडायला. इथे कुणी काही मांडत नाही, मागे उरलेल्या खुणांवरून शोध घेतो. ताई, फळ्यावर लिहा: 'गाळ आणि जीवाश्म यांवरून प्राचीन पर्यावरणाचा माग'.