दारातला पूल: रूळ आधी सलग टाका, मग कापा

७५ सें.मी.च्या दारावरून एचओ मापाच्या (१:८७) मॉडेल रेल्वेची एकेरी लाइन न्यायचीय, पूल उचलून बाजूला ठेवता यायला हवा, आणि आत्ताच्या पुलावर सांध्यात डबे घसरतात, असं तुम्ही लिहिलंय. घसरतात, कारण पुलावरचे रूळ वेगळे टाकून नंतर जुळवायचा प्रयत्न झालाय. तो सहसा जमत नाही.

सांगाडा १२ मि.मी. प्लायचा: वर १२ सें.मी. रुंद पट्टी, खाली साडेसात सें.मी. उंचीच्या दोन उभ्या पट्ट्या. वजन दीड-पावणेदोन किलो. कापलेल्या कडांनाही पॉलिशचे दोन हात द्या, पावसाळ्यात प्लाय तिथूनच ओल धरतो. पूल टेकायला टेबलांना आतून ठोकळे ठोका आणि दोन्ही टोकांना दोन-दोन पितळी डॉवेल (खुंट्या) बसवा. एका बाजूची भोकं घट्ट, दुसऱ्या बाजूची रुळाच्या दिशेने २ मि.मी. लांबट. चारही घट्ट ठेवलीत तर जुलैत बसलेला पूल निघता निघणार नाही.

आता पूल जागेवर ठेवून रूळ टेबलापासून टेबलापर्यंत अखंड टाका. सांध्याच्या दोन्ही अंगांना, कडेपासून १० मि.मी. आत, प्रत्येक रुळाखाली ६ नंबरचा पितळी स्क्रू. म्हणजे एकूण ८. आधी बारीक भोक पाडा, नाहीतर प्लायचे पदर सुटतात. तेवढ्या जागेत रुळाखाली कॉर्कऐवजी लाकडी पट्टी, कारण कॉर्क दबतो. स्क्रूचा माथा रुळाच्या तळाला जेमतेम टेकला की सोल्डर करा. शेजारच्या स्लीपरवर ओला कापूस ठेवा, प्लॅस्टिक वितळलं की गेज (दोन रुळांमधलं अंतर) गेलाच.

मगच कापायचं. रोटरी टूलची चकती इथे फसवते: टूलचं अंग रुळाला अडतं, चकती कलते आणि काप तिरका येतो. पुलाच्या रुळाचं टोक टेबलावरच्या टोकाखाली गेलं, तर उचलताना ते अडकून सोल्डर उखडतं. सोनाराची बारीक करवत वापरा आणि काप उभाच ठेवा. नंतर आतली वरची धार कानशीने किंचित मारा. सांध्यात फिशप्लेट (रूळ जोडणारी पट्टी) नको.

वीज पुलाला प्लगने द्या. दोन्ही बाजूंच्या टेबलांवरच्या शेवटच्या १ मीटरचा एक रूळ विजेपुरता तोडून त्याची वायर पुलावरूनच फिरवून आणा: प्लग निघाला की तो मीटर मेला, आणि गाडी कडेआधीच थांबते. कीप-अलाइव्ह कपॅसिटरचं (वीज साठवून ती तुटल्यावरही थोडा वेळ चालणारं) इंजिन मात्र त्यालाही जुमानत नाही. त्याच्यासाठी रुळावर आडवा ठोकळा ठेवा.