निवडलेला पत्ता प्रेक्षकाचा असतो

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा व्हिडिओ मिळाला. एका दमात पत्त्यांच्या जादूचे पाच प्रयोग तू करून दाखवले आहेस. हात स्वच्छ चालतात, डबल लिफ्टमध्ये दोन पत्ते एकच असल्यासारखे उलटतात आणि खोटे पिसणे इतके सहज उतरले आहे की ते पकडण्यासाठी मला व्हिडिओ मागे न्यावा लागला. तरीही, तू लिहिले आहेस त्याप्रमाणे, लोक शेवटी ‘छान’ म्हणतात आणि पुन्हा आपल्या गप्पांकडे वळतात, किंवा एखादा जण ‘कॅट माझ्या हातात दे आणि मग दाखव’ म्हणून अडून बसतो. त्यामुळे आता याहून अवघड काय शिकावे, असे तू विचारले आहेस.

माझे म्हणणे असे की काही महिने नवीन काहीही शिकू नकोस. पाचांपैकी तीन प्रयोग ठेव, दोन बाजूला काढ. उणीव तुझ्या हातांत नाहीच. तुझे सगळे लक्ष पत्त्यांवर खिळलेले आहे, आणि ज्या माणसासाठी हे चालले आहे तो त्या लक्षाच्या बाहेर राहतो आहे. दुसऱ्या प्रयोगात त्या मुलीने पत्ता काढला, पाहिला, किंचित हसली, शेजारणीला दाखवावा की नाही अशा विचारात क्षणभर थांबली. तेवढ्या वेळात तू एकदाही मान वर करून तिच्याकडे पाहिले नाहीस. बदामची राणी तिच्या हातात गेली त्या क्षणी ती तुझ्या कॅटमधल्या बावन्न पत्त्यांपैकी एक राहिली नव्हती, ती तिची झाली होती. पुढे जे काही घडेल ते त्या राणीचे आणि तिचे घडायला हवे होते, पण ते तुझ्या बोटांचे घडत राहिले.

हे नीट स्पष्ट व्हावे म्हणून सर्वांत साधा प्रयोग घेऊ, जो पहिल्या आठवड्यातच सगळे शिकतात आणि दुसऱ्या आठवड्यात टाकून देतात. तळाचा पत्ता गुपचूप पाहून ठेवायचा. प्रेक्षकाने निवडलेला पत्ता कॅटच्या वर ठेवायला सांगायचा. कॅट कापून खालचा भाग वर घ्यायचा. आता आपल्याला ठाऊक असलेला पत्ता त्याच्या पत्त्याला लागून बसला, आणि नंतर कितीही वेळा कापले तरी चक्राकार क्रम तसाच राहत असल्याने ही जोडी फुटत नाही. गुपित एवढेच. ते ऐकून तुला उत्साह वाटणार नाही, पण खरे काम यानंतर सुरू होते.

तळाचा पत्ता पाहायचा कधी? नवशिका स्वतः पत्ते पिसतो आणि पिसता पिसता खाली डोकावतो, आणि तेवढे समोरच्याला पुरते. त्याऐवजी पत्ते प्रेक्षकालाच पिसू दे. त्याने परत दिलेला कॅट घे आणि विस्कटलेल्या कडा सारख्या करण्यासाठी तो टेबलावर उभा धरून हलकेच ठोक. त्या वेळी तळाच्या पत्त्याचा कोपरा आपोआप तुझ्या बाजूला वळतो. नेमक्या त्याच वेळी त्याला खरे उत्तर द्यावे लागेल असे काहीतरी विचार, उदाहरणार्थ लहानपणी त्याच्याकडे पत्ते कोण पिसत असे. तो आठवू लागेल आणि त्याचे डोळे तुझ्या चेहऱ्यावर येतील. मान खाली घालू नकोस. नजर जाता जाता पत्त्यावरून फिरली की पुरे. उत्तर मात्र मन लावून ऐक, कारण न ऐकता विचारलेला प्रश्न लोकांना लगेच ओळखू येतो.

मग घाई करू नकोस. त्यालाच कापू दे, हवे तर दुसऱ्या कोणाला कापू दे, कॅट टेबलावर ठेवून हात मागे घे आणि थोडे बोल. हा मधला काळ रिकामा वाटतो म्हणून बहुतेक जण तो गाळतात. मला विचारशील तर प्रयोगातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, कारण या वेळात प्रेक्षक जे घडले ते मनाशी पुन्हा जुळवत असतो. ‘पत्ते मी पिसले, मीच कापले, याने हातही लावला नाही’ असे तो उद्या इतरांना सांगेल, आणि तुझ्या हातात कॅट कधी होता हे त्यात येणारच नाही.

शेवटाबद्दल माझे मत जरा कडक आहे. या प्रयोगाचा एक लोकप्रिय शेवट तुला माहीत असेल: पत्ते एकेक करून उलगडत जायचे, त्याचा पत्ता मुद्दाम मागे टाकायचा, आणि ‘आता मी उलटेन तो पत्ता तुमचाच असेल’ असे छातीठोकपणे सांगायचे. जादूगाराची चूक झाली म्हणून प्रेक्षक खूश होतो, आणि मग टेबलावरचाच त्याचा पत्ता आपण उलटून ठेवतो. हशा मिळतो, मात्र तो त्या माणसाच्या पदरात पडलेल्या फजितीचा असतो. मी हा शेवट करत नाही आणि तूही करू नयेस असे मनापासून वाटते. त्याऐवजी त्याचा पत्ता शोधून तो वर येईल अशा बेताने कॅट काप, वरचा पत्ता न दाखवता त्याच्या तळहाताखाली सरकव, पत्त्याचे नाव मोठ्याने सांगायला सांग आणि हात त्यालाच उचलू दे. गुपित तेच आणि हालचालीही जवळपास त्याच आहेत, पण आश्चर्य त्याच्या हाताखाली घडते.

‘कॅट माझ्या हातात दे’ म्हणणाऱ्याचेही उत्तर यातच आहे. त्याला आव्हान दिल्यासारखे वाटले म्हणून तो आव्हान देतो. पुढच्या वेळी तो असे म्हणण्याआधीच कॅट त्याच्या हातात ठेव.

नजरेविषयी थोडे सविस्तर लिहितो. 2006 साली गुस्ताव कुन आणि मायकेल लँड या संशोधकांनी चेंडू हवेत नाहीसा करण्याच्या जुन्या प्रयोगाचा अभ्यास केला. जादूगार चेंडू खरोखर वर फेकून झेलतो, आणि शेवटच्या वेळी नुसता हात हलवतो. चेंडू मुठीतच राहतो. त्याची नजर वर गेली, तर बहुसंख्य प्रेक्षकांना न फेकलेला चेंडू वर जाताना दिसला. नजर हातावरच राहिली, तेव्हा असे वाटणाऱ्यांची संख्या बरीच घटली. म्हणजे तू जिकडे पाहशील तिकडे समोरचा पाहील, आणि तुला जे घडले असे वाटत असल्याचे दिसेल ते त्याला घडलेले वाटेल. डबल लिफ्ट करताना तू अंगठ्याकडे पाहिलेस तर तो अंगठ्याकडे पाहणारच. तेव्हा दोन पत्ते वेगळे करण्याची तयारी आधीच, तो बोलत असताना, उरकून घे, आणि उलटताना तूही पत्त्याकडे तसाच पाहा जसे एखादा खरोखर एकच पत्ता उलटताना पाहतो.

वेगाचा मोहही सोड. अर्जेंटिनाचे रेने लावांद यांनी वयाच्या नवव्या वर्षी अपघातात उजवा हात गमावला आणि पुढे आयुष्यभर एकट्या डाव्या हाताने पत्त्यांची जादू केली. त्यांचे प्रयोग संथ असत, आणि तोच प्रयोग ते आणखी संथ करून पुन्हा दाखवत. त्यांच्या ध्वनिचित्रफिती पाहा, पण रहस्य शोधण्यासाठी नको. ते बोलताना किती वेळ थांबतात आणि थांबलेले असताना लोक काय करत असतात ते पाहा.

सराव आरशासमोर करण्याची तुझी सवय चांगली आहे, पण तिला मर्यादा आहे. आरशासमोर बसलेला माणूस स्वतःच प्रेक्षक असतो, आणि नको ते दिसू नये म्हणून चलाखीच्या नेमक्या क्षणी तो नकळत डोळे मिटतो. पुष्कळ अनुभवी जादूगारांना ही खोड लागलेली असते. म्हणून कॅमेरा वापर. निम्म्या वेळा तो तुझ्या हातांवर ठेव, आणि उरलेल्या वेळी, लोकांची परवानगी घेऊन, त्यांच्या चेहऱ्यांवर. ते कधी पुढे झुकले, कधी त्यांनी एकमेकांकडे पाहिले, कधी मोबाइल हातात घेतला, हे पाहिल्यावर प्रयोगातली कोणती वाक्ये काढायची ते माझ्यापेक्षा चांगले तुझे तुलाच कळेल. आणखी एक: हालचालींचा सुटा सराव ठरावीक काळानंतर उपयोगाचा राहत नाही. पूर्ण प्रयोग, बोलण्यासकट, उभे राहून, रिकाम्या खुर्चीसमोर का होईना, करत जा.

गणिती प्रयोगांबद्दल तू विचारले आहेस. ते जरूर शिक, कारण त्यांत हात मोकळे राहतात आणि बोलण्याचे वळण लागते. एकवीस पत्त्यांचे तीन रकाने मांडून, निवडलेला रकाना दर वेळी मधोमध घेतला की तिसऱ्या मांडणीनंतर पत्ता अकरावा येतो. हे अनेकांना ठाऊक असते आणि मांडामांड कंटाळवाणी असते, म्हणून तो प्रयोग समजून घे आणि सोड. त्याहून सुंदर आहे ते नॉर्मन गिलब्रेथ यांनी 1958 साली मांडलेले तत्त्व. लाल-काळे पत्ते एकाआड एक लावून ठेव. प्रेक्षकाला वरून हवे तेवढे पत्ते एकेक करून टेबलावर उपडे मोजू दे आणि ती गड्डी उरलेल्या गड्डीत रिफल पद्धतीने, म्हणजे दोन्ही गड्ड्यांच्या कडा अंगठ्यांनी सोडत एकमेकींत गुंफून, एकदाच मिसळू दे. तरीही वरून दोन-दोन पत्ते काढत गेल्यास प्रत्येक जोडीत एक लाल आणि एक काळा निघतो. त्याने प्रामाणिकपणे मिसळलेले असते, आणि तरीही ते घडते. बावन्न पत्ते चांगले विस्कटायला साधारण सात रिफल लागतात, हे डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस यांनी 1992 साली दाखवले. एका रिफलने क्रम किती थोडा मोडतो याची लोकांना कल्पना नसते आणि आपले बरेच काम त्यावर चालते. डायकोनिस गणितात येण्याआधी, चौदाव्या वर्षी घर सोडून, डाय व्हर्नन या जादूगारासोबत फिरत होते, हे तुला आवडेल म्हणून लिहितो.

त्याच व्हर्नन यांचा एक किस्सा सांगून लोक तुला ‘पुन्हा एकदा’ करायला भाग पाडतील. कोणताही प्रयोग तीनदा पाहिला की आपण तो ओळखतो, असा प्रसिद्ध जादूगार हॅरी हुडिनी यांचा दावा होता. 1922 साली व्हर्नन यांनी हुडिनी यांच्या सहीचा पत्ता वरून दुसऱ्या जागी ठेवून पुन्हा पुन्हा वर आणून दाखवला आणि हुडिनी यांना तो प्रयोग उलगडला नाही. पण ज्या प्रयोगाचा विषयच पुनरावृत्ती आहे तो वेगळा. एरवी दुसऱ्यांदा पाहताना प्रेक्षकाला शेवट माहीत असतो आणि कुठे पाहायचे तेही माहीत असते. तेव्हा ‘पुन्हा’ म्हटल्यावर प्रेमाने दुसरा प्रयोग दाखव.

आपल्याकडे काही शक्ती आहे असे कोणालाही, गमतीनेही, वाटू देऊ नकोस. 1584 साली रेजिनल्ड स्कॉट या इंग्रजाने चेटूक करतात म्हणून माणसांना छळणे चुकीचे आहे हे पटवण्यासाठी पुस्तक लिहिले, आणि त्यात पत्त्यांच्या हातचलाखीचे मार्गही उघड केले. तुझ्याकडे कोणी हरवलेली वस्तू किंवा लग्नाचा योग विचारायला आले, तर ही केवळ सरावाची कला आहे असे स्पष्ट सांग. पैसे लावून पत्ते खेळण्यापासूनही दूर राहा. तुझे हात पाहिलेल्या माणसाला तुझ्या प्रामाणिक डावावरही विश्वास ठेवता येणार नाही.

शेवटी, पत्ता चुकला तर काय, हा तुझा प्रश्न. बरेचदा चुकतो तो प्रेक्षकाच्या स्मरणात. तो घाबरलेला असतो, चौकटची सत्ती पाहून अठ्ठी म्हणतो आणि मग सर्वांसमोर खजील होतो. म्हणून पत्ता शेजारच्यांनाही दाखवायला सांग. चार जणांच्या लक्षात राहिलेला पत्ता हरवत नाही, आणि चार जणांचा झालेला प्रयोग अधिक रंगतो. चूक तुझी असेल तर त्याच्यावर ढकलू नकोस, सारवासारवही करू नकोस. त्याने पत्त्याचे नाव सांगितल्यावर कॅट चित्रे स्वतःकडे करून पसर, तो पत्ता शोधून सहज वर किंवा तळाशी आण आणि तिथून तुला येणारा दुसरा कोणताही प्रयोग सुरू कर. तेही जमण्यासारखे नसेल तर ‘हा पत्ता मला सापडला नाही, दुसरा काढाल का?’ एवढे सरळ विचार. लोक आनंदाने दुसरा पत्ता काढतात. ठेवलेल्या तिन्ही प्रयोगांसाठी असा एक-एक दुसरा रस्ता ठरवून, लिहून, पुढच्या पत्रात मला कळव.