फॉरवर्डर नेमका कशासाठी?

प्रश्न : उद्यमबागेत माझा छोटा कारखाना आहे. जर्मनीहून कास्टिंगची पहिलीच ऑर्डर मिळाली आहे : सहा लाकडी पेट्या, वजन सुमारे २,४०० किलो. ट्रकवाला माल न्हावाशेव्यापर्यंत नेतो, कस्टमचे काम सीएचए (कस्टम हाउस एजंट) पाहतो; मग मध्ये फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवण्याची सोय लावून देणारा मध्यस्थ, कशाला? थेट जहाज कंपनीकडे गेलो तर पैसे वाचतील का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : आपला माल पूर्ण कंटेनरभर असता, तर जहाज कंपनीकडे थेट चौकशी करण्यात अर्थ होता. परंतु वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते आणि आपल्या पेट्या त्यातला एखादा कोपराच अडवतील. असा सुटा माल जहाज कंपनी सहसा घेत नाही. फॉरवर्डर अनेकांचा माल एका कंटेनरमध्ये भरतो आणि ज्याच्या त्याच्याकडून हिश्श्याचे भाडे घेतो. हे भाडे घनमीटर आणि टन यांपैकी जे अधिक भरेल त्यावर आकारतात. ओतीव माल जागेच्या मानाने जड असल्यामुळे आपल्याला वजनाचेच भाडे पडेल.

एका कागदाकडे मात्र आवर्जून लक्ष द्यावे. फॉरवर्डरचे स्वतःचे जहाज बहुधा नसते. बी.एल. (बिल ऑफ लेडिंग) म्हणजे माल वाहतुकीसाठी ताब्यात घेतल्याचा कागद. जहाज कंपनीच्या मास्टर बी.एल.वर माल पाठवणारा म्हणून त्याचे किंवा कंटेनर भरणाऱ्या दुसऱ्या संस्थेचे नाव असते आणि आपल्या हाती येते ते त्यांनी स्वतः दिलेले हाऊस बी.एल. त्यांच्याकडून जहाज कंपनीचे भाडे थकले, तर आपण सगळे पैसे चुकते केलेले असूनही माल परक्या बंदरात अडकू शकतो. म्हणून दरात घासाघीस करण्याआधी फॉरवर्डरची पत पाहावी : १९९३ च्या बहुविध वाहतूक कायद्याखाली त्याची नोंदणी आहे का, जर्मनीत त्याचा एजंट कोण, आपल्या शेजारच्या कोणाचा माल त्याने पाठवला आहे. बंदरातले सर्व खर्च लेखी घ्यावेत. सौदा एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विक्रेत्याचा) असेल, तर समुद्रभाडे खरेदीदार भरतो आणि फॉरवर्डरही बहुधा तोच नेमतो. तेव्हा फॉरवर्डरचे नाव ऑर्डरसोबतच मागून घ्यावे.

पेट्यांविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण चांगला फॉरवर्डर हे पहिल्याच भेटीत विचारतो. खानापूरकडच्या सुताराकडून पेट्या करून घेतल्या असतील, तर कच्चे लाकूड युरोपात चालत नाही. ते गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवून त्यावर मान्यताप्राप्त केंद्राचा, गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला शिक्का मारून घ्यावा लागतो. तो शिक्का प्रत्येक पेटीवर स्पष्ट उमटला आहे का, हे ट्रक भरण्यापूर्वी स्वतः पाहावे.